लोखंडाला पाप लागते का?

आमच्या नागऱ्याला समुद्र नाही. तळी आहेत, बोड्या आहेत, धानाच्या बांध्यांतून आषाढ-श्रावणात साचलेले पाणी आहे. पण ज्याचा पलीकडचा काठ दिसत नाही असे पाणी आमच्या गावाने कधी पाहिले नाही. गोंदियापासून थोड्याच अंतरावरचे हे गाव. जुने दगडी शिवमंदिर आणि महाशिवरात्रीची यात्रा ही त्याची पंचक्रोशीत ओळख. अशा या गावात माझ्या आजोळी, दर खंडेनवमीला, एक युद्धनौका पूजेला येऊन बसत असे.

नौका म्हणजे तिचे नाव. पाटावर विळे, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडला जाई. राइस मिलमध्ये फिटर असलेले माझे वडील आपली पान्यांची पेटी आणून ठेवीत. आणि या सगळ्या लोखंडाच्या शेजारी आजी एक काळी फीत घडी उलगडून ठेवी. खलाशाच्या टोपीभोवती बांधायची ती फीत. तिच्यावर सोनेरी धाग्यांनी नौकेचे नाव विणलेले होते : दिल्ली. माझे मामा त्या नौकेवर स्टोकर होते.

मी लहानपणी आजीला विचारले होते, “आजी, ही तर फीत आहे. हिची पूजा कशाला?”

आजी म्हणाली, “शस्त्र केवढं मोठं! ते घरात मावते का? म्हणून त्याचं नाव ठेवलं.”

तेवढ्या उत्तराने माझे समाधान झाले. मामांचे मात्र होत नसावे, हे मला पुढे कळले.

१९६३ सालच्या दिवाळीत ते नौदलातली नोकरी संपवून कायमचे गावी परतले होते. मी तेव्हा बारा वर्षांचा. लक्ष्मीपूजनाच्या रात्री आम्ही पोरे अंगणात फटाके उडवीत होतो. मामा ओसरीच्या कडेला बसले होते. एक मोठा बार झाला, आम्ही ओरडलो, आणि मी विचारले, “मामा, तुमच्या तोफेचा आवाज एवढाच होता का हो?”

ते हसले नाहीत. म्हणाले, “बाबू, मी तं खाली होतो. बॉयलरपाशी. वरचं मले काय दिसते? ढिगारे कोसळल्यासारखा आवाज यायचा, पायाखालचं लोखंड हलायचं. बस.” मग थोड्या वेळाने, जणू मी त्यांच्या बरोबरीचा आहे अशा स्वरात, त्यांनी विचारले, “वर जे झालं त्यातलं माझं किती, सांग बरं?”

मी काय सांगणार? मी दुसरा बार पेटवायला पळालो. आज माझे वय पंचाहत्तरीच्या घरात आहे, मामा जाऊन पुष्कळ वर्षे झाली आहेत, आणि तो प्रश्न अजून ओसरीवर तसाच बसलेला आहे. या दिवाळीत त्याच्याशेजारी थोडे बसावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

आधी त्या नौकेची हकिगत सांगितली पाहिजे. ती इंग्लंडातल्या बर्कनहेड येथे बांधली गेली आणि १ सप्टेंबर १९३२ रोजी पाण्यात उतरली. तिचे पहिले नाव अकिलीस. हा ग्रीकांचा महावीर. आईने पवित्र नदीत बुडवून त्याचे सारे अंग अभेद्य केले, पण जी टाच धरून बुडवले तेवढी कोरडी राहिली. आपल्याकडे दुर्योधनाच्या मांडीची गोष्ट सांगतात, तिचीच ही सख्खी बहीण. वजन सुमारे ७,००० टन, लांबी साडेपाचशे फुटांहून अधिक, सहा इंची आठ तोफा आणि बहात्तर हजार अश्वशक्तीची यंत्रे. नौदलाच्या भाषेत ही हलकी क्रूझर! आमच्या गावच्या कोणत्याही तळ्यात ती आडवी केली असती तर तळे नाहीसे झाले असते.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा ती न्यूझीलंडच्या दलात होती आणि तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते. १३ डिसेंबर १९३९ च्या पहाटे दक्षिण अमेरिकेत, प्लेट नदीच्या मुखाबाहेर, तिने व तिच्या दोन सोबतिणींनी, एजॅक्स व एक्झेटर यांनी, जर्मनांच्या ग्राफ श्पे या फार बलाढ्य नौकेशी झुंज दिली. शत्रूच्या तोफा अकरा इंची होत्या. त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूचे ७२ आणि जर्मनांचे ३६ लोक मेले. आमच्या अकिलीसवरचे चार. तिचा कप्तान पॅरी याच्या पायांना जखमा झाल्या, तरी त्याने आपली जागा सोडली नाही.

पुढे ५ जानेवारी १९४३ रोजी ग्वादलकनालजवळ एका जपानी विमानाचा बॉम्ब तिच्या तोफेच्या बुरुजावर पडला आणि १३ माणसे गेली. दुरुस्तीसाठी ती पोर्टस्मथच्या गोदीत गेली, तर तिथे त्याच वर्षी जून महिन्यात तिच्या तेलाच्या टाकीत स्फोट होऊन गोदीतले १४ कामगार ठार झाले. त्यांनी कोणावर तोफ डागली नव्हती, की त्यांच्यावर कोणी डागली नव्हती. युद्धाच्या इतिहासात त्यांना एखादी ओळ मिळते. मामा मात्र प्लेट नदीच्या लढाईपेक्षा हीच गोष्ट अधिक वेळा सांगत. टाकीजवळ काम करणाऱ्या माणसाला टाकीजवळचे मरण अधिक कळत असावे.

युद्ध संपल्यावर भारताने ही नौका विकत घेतली. ५ जुलै १९४८ रोजी ती आपल्या नौदलात दाखल झाली आणि अकिलीसची दिल्ली झाली. मोठ्या योगायोगाची गोष्ट अशी, की त्याच वर्षी स्वतंत्र भारताच्या नौदलाचे प्रमुख म्हणून जे इंग्रज अधिकारी आले आणि १९५१ पर्यंत राहिले, ते हेच पॅरी. कप्तान आणि नौका दोघेही फिरत फिरत आपल्या दाराशी आले. १९५० साली पंडित नेहरू याच नौकेतून इंडोनेशियाला गेले. पुढे प्लेट नदीच्या लढाईवर इंग्रजांनी चित्रपट काढला, तेव्हा अकिलीसची भूमिका करायला आपली दिल्लीच गेली. पडद्यावर तिने आपलेच पूर्वायुष्य जुन्या नावाने पुन्हा वठवले. असे भाग्य नटालाही लाभत नाही.

आणि मग १८ डिसेंबर १९६१ उजाडला. गोवा मुक्त करण्याच्या मोहिमेत दिल्ली दीवसमोर उभी होती. तिच्या तोफांनी दीवच्या किल्ल्यावर मारा केला. दुसऱ्याच दिवशी, १९ डिसेंबरला, साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता आपल्या भूमीवरून उठली. मामा रजेवर आले तेव्हा गावाने त्यांना हार घातला. शाळेत बोलावून आमच्या गुरुजींनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितले. ते उभे राहिले, म्हणाले, “मी बॉयलरवर होतो,” आणि खाली बसले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. विनय आहे असे सर्वांना वाटले. मलाही वाटले.

तो विनय नव्हता. ती अडचण होती. आता ती अडचण मला अशी दिसते.

लहानपणी स्टोकर म्हटले की मला गोंदिया स्टेशनातला इंजिनवाला आठवे. फावड्याने कोळसा ओढणारा, घामाने काळवंडलेला. मामांनी तो भ्रम घालवला. त्यांच्या बॉयलरला तेल लागे. ते बारीक फवाऱ्यांतून आत जाई आणि भडभडा पेटे. तिथे जायचे तर दोन दारांच्या मधल्या चिमुकल्या खोलीतून जावे लागे. एक दार बंद केल्यावाचून दुसरे उघडायचे नाही, कारण आत हवेचा दाब असे. तो एकदम सुटला तर ज्वाळा उलटून माणसावर यावी. झरोक्यातून ज्वाळेचा रंग पाहायचा. तेल अधिक झाले की चिमणीतून काळा धूर निघे आणि वरून रागाचा निरोप येई. तेवढे मामांचे युद्ध. त्यांनी शत्रू पाहिला नाही, किल्ला पाहिला नाही, गोळा कुठे पडला ते पाहिले नाही. पण ते नसते तर नौका हलली नसती, आणि नौका हलली नसती तर तोफ तिथवर पोहोचली नसती.

आता प्रश्न असा, की किल्ल्यावर जे पडले त्याचे पुण्य वा पाप कोणाच्या नावे मांडायचे?

एक उत्तर आपल्याकडे तयारच असते. लोखंडाला ना पाप ना पुण्य. विळ्याने धान कापता येते आणि गळाही. दोष हाताचा, विळ्याचा नव्हे. हे उत्तर मला पुष्कळ वर्षे पटत होते. पण त्यात एक खोट आहे. विळा धानासाठी घडवलेला असतो. त्याने गळा कापणे हा विळ्याचा दुरुपयोग. क्रूझरने धान कापता येत नाही. ती ज्या कामासाठी घडवली ते काम एकच, आणि तिच्या प्रत्येक पत्र्यात, प्रत्येक नळीत ते आधीच ठरलेले असते. अशा वस्तूला तटस्थ म्हणणे म्हणजे आपल्या मनाची समजूत घालणे होय.

दुसरे उत्तर याच्या अगदी उलट. शस्त्र ज्या हेतूने घडले तो हेतू त्याला चिकटतो, म्हणून पापी हेतूचे शस्त्र हाती घेऊच नये. ही नौका साम्राज्याच्या रक्षणासाठी बांधलेली. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईला आपल्याच नाविकांनी त्याच साम्राज्याच्या नौदलात बंड पुकारले होते. आणि त्यानंतर जेमतेम अडीच वर्षांत त्याच साम्राज्याची नौका आपण मानाने आणली. ही विसंगती नव्हे काय? तरुणपणी मी मामांना हे मोठ्या आवेशाने ऐकवले होते. त्यांनी शांतपणे विचारले, “तू कालेजात कशानं गेला गा?”

मी गोंदियाहून आगगाडीने नागपूरला गेलो होतो. ती रेल्वे इंग्रजांच्याच काळात घातली गेली, आणि केवळ आमच्या सोयीसाठी खास घातली गेली नाही. आमच्या गावापासून फार दूर नसलेल्या बिरशीची धावपट्टीही इंग्रजांनी त्याच महायुद्धाच्या काळात बांधली. पुढे तिथे आपली मुले विमान चालवायला शिकू लागली. वारसा म्हणजे निवडून घेतलेली फुलांची परडी नव्हे. घर मिळते ते भिंतीतल्या ओलीसकट मिळते. पापी हातांनी शिवलेले सारे टाकायचे म्हटले, तर माणसाला नेसत्या वस्त्रानिशीसुद्धा घराबाहेर पडता येणार नाही.

म्हणजे पहिले उत्तर फार सोपे आणि दुसरे फार सोवळे. मग खरे काय?

येथे मला त्या लढाईतल्या शत्रूची आठवण होते. ग्राफ श्पेचा कप्तान लांग्सडोर्फ. त्याचे सरकार किती क्रूर होते हे जगाला ठाऊक आहे. पण या माणसाने त्या सफरीत नऊ व्यापारी जहाजे बुडवली आणि त्यांवरचा एकही माणूस मरू दिला नाही. सर्वांना आधी उतरवून घेतले आणि मगच जहाज बुडवले. लढाईनंतर माँतेविदेओ बंदरात त्याने आपल्या मृत खलाशांना मूठमाती दिली, तेव्हा भोवतालचे लोक हिटलरी पद्धतीने हात उंचावत होते. याने मात्र जुन्या नौदलाचा साधा सलाम केला. बाहेर शत्रूचे मोठे आरमार जमले आहे अशी त्याची समजूत करून देण्यात आली होती. आपल्या सुमारे हजार माणसांना मरणात लोटण्याऐवजी १७ डिसेंबर १९३९ रोजी त्याने आपलीच नौका सुरुंग लावून बुडवली. दोनतीन दिवसांत ब्यूनोस आयरिस येथे त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

त्याने आत्महत्या केली हे मी थोर मानत नाही. पण त्याने नौकेचे आणि माणसांचे हिशेब वेगळे ठेवले, हे मला विसरता येत नाही. लोखंड बुडाले तरी चालेल, माणूस बुडता कामा नये. वाईट निशाणाखाली उभा राहूनही त्याच्या नावावर ही एक रक्कम जमेला पडली. आणि त्या रकमेने त्याच्या निशाणाचे कर्ज एका पैशानेही फिटले नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत. निशाण चांगले असले म्हणून त्याखालचे प्रत्येक कृत्य पवित्र होत नाही, तसे निशाण वाईट असले म्हणून प्रत्येक माणूस राक्षस होत नाही.

मग दीवचे काय? दीवची मुक्तता न्याय्य होती. त्याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परके राज्य साडेचारशे वर्षांनी उठले, त्याचा आनंद आम्ही नागऱ्यातसुद्धा साखर वाटून केला. पण किल्ल्यातही पोरे असतील, कोणाचे तरी मामा असतील, दूरच्या कोणा खेड्यातून नोकरीसाठी आलेले. कार्य न्याय्य होते, यावरून त्यासाठी मेलेला माणूस मेला नाही असे ठरत नाही. मला वाटते, मामांना हेच म्हणायचे होते. त्यांना पश्चात्ताप नव्हता, आणि अभिमान नव्हता असेही नाही. त्यांना एवढेच वाटत होते, की हार घालणारे लोक खात्याची एकच बाजू वाचताहेत.

खाते म्हटले आणि दिवाळीचीच एक गोष्ट आठवली. वडिलांच्या राइस मिलमध्ये लक्ष्मीपूजनाला चोपड्यांची पूजा होई. कोरी वही, लाल पुठ्ठा, पहिल्या पानावर कुंकवाने श्री. मला वाटे, काय मजा आहे. जुने सगळे संपले, नवे सुरू! एकदा मी मुनीमजींना तसे म्हटले. ते मिश्कील हसले आणि त्यांनी मला वहीचे पुढचे पान दाखवले. श्रीच्या पाठोपाठ पहिली नोंद होती ती मागील वर्षाच्या बाकीची. येणे किती, देणे किती, दोन्ही. ते म्हणाले, “वही नवी असते, बाबू. खाते नवे नसते.”

माझ्या साऱ्या विचाराचा निकाल त्या एका वाक्यात आहे. लोखंडाला पाप लागत नाही, कारण लोखंडाला वही नसते. पण जो ते लोखंड हाती घेतो, त्याला नवे नाव देतो, त्याच्या नावाची पूजा करतो, त्याने मागची बाकी पुढे ओढलीच पाहिजे. आणि ती दोन्ही बाजूंची. अकिलीसची दिल्ली झाली तेव्हा प्लेट नदीचे शौर्य आपल्याकडे आले. ते आपण कौतुकाने सांगतोही. मग गोदीतले ते चौदा कामगारही आपल्याकडे आले. साम्राज्याची चाकरीही आली. दीवचा जयघोष आपल्या जमेला असेल, तर किल्ल्यावर पडलेला गोळाही आपल्याच वहीत लिहिला पाहिजे. जमा तेवढी आमची आणि नावे तेवढी पूर्वीच्या मालकाची, असा हिशेब कोणताही मुनीम मान्य करणार नाही.

आणि मामांचा वाटा? “वर जे झालं त्यातलं माझं किती?” आज मी त्यांना म्हटले असते : मामा, सगळे तुमचे नाही, आणि काहीच नाही असेही नाही. तुमच्या ज्वाळेएवढे तुमचे. त्याहून अधिक घेऊन कुढू नका, त्याहून कमी घेऊन मिरवू नका. उरलेले आमचे, ज्यांनी टाळ्या वाजवल्या, साखर वाटली, हार घातला, त्या सगळ्यांचे. शिपायाला एकट्याने ते ओझे वाहायला लावणे हा आपण घरी बसलेल्या लोकांचा जुना अन्याय आहे. आपण त्याला हार घालतो ते पुष्कळदा त्याचा गौरव करण्यासाठी नव्हे, तर आपला हिशेब त्याच्या गळ्यात अडकवण्यासाठी.

नौकेची गोष्ट थोडक्यात संपवतो. उतारवयात ती शिकाऊ नाविकांना धडे देत राहिली. १९६९ साली ती न्यूझीलंडच्या भेटीला गेली, ज्या देशाच्या पोरांनी तिला प्रथम लढाई दाखवली तिथे. ३० जून १९७८ रोजी मुंबईला तिची सेवा संपली आणि पुढे ती मोडीत निघाली. तिचा एक तोफांचा बुरूज न्यूझीलंडला परत गेला. ऑकलंडच्या नौदल तळावर तो आठवण म्हणून उभा केला आहे. दिल्ली हे नाव १९९७ साली माझगाव गोदीत बांधलेल्या आपल्या नव्या विनाशिकेला मिळाले. म्हणजे लोखंड वितळले, नाव उरले, खाते पुढे चालू.

आमचा भंडारा जिल्हा मोडून १९९९ साली गोंदिया जिल्हा झाला, आजोळचे घर पडून नवे झाले. पण फीत आहे. सोनेरी धागे काळवंडले आहेत. यंदाच्या खंडेनवमीला मी ती पाटावर ठेवली, तेव्हा माझ्या नातीने विचारले, “आजोबा, ही तर फीत आहे. हिची पूजा कशाला?”

माझ्या आजीचे उत्तर मला तोंडपाठ होते. ते मी दिले. पण तेवढ्यावर थांबलो नाही. तिला शेजारी बसवून घेतले आणि पहिल्यापासून सांगू लागलो. लढाई सांगितली, गोदीतले कामगार सांगितले, दीव सांगितले, आणि झरोक्यातून ज्वाळेचा रंग पाहत उभे असलेले तिचे पणजोबांच्या नात्याचे मामाही सांगितले. सांगून झाल्यावर तिने थोडा विचार केला आणि फितीवर कुंकवाचे बोट लावले. मग दुसरे बोट बुडवून तिने पाटाच्या रिकाम्या कोपऱ्यालाही लावले.

“हे कोणाला गं?” मी विचारले.

“ते किल्ल्यातले होते ना,” ती म्हणाली, “त्यांना.”